रकाना क्रमांक अकरा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर विसरेन. बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या, वाटेवर पुरावा म्हणून एटीएमच्या ज्या पावत्या घेता, त्यांचे त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं टिकत नाहीत. माझ्या चारशे किलोमीटरच्या राइडच्या पाच पावत्या मी घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दागिने ठेवावेत तशा जपल्या होत्या. पुरस्काराच्या अर्जाला जोडायला काढल्या, तर तीन पांढऱ्याफटक.

पण माझं घोडं पावत्यांपाशी अडलं नाही. ते अडलं अर्जाच्या अकराव्या रकान्यापाशी, आणि तिथे बावीस दिवस उभं राहिलं.

आमच्या नाशिकला सायकलचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, त्यानंतर तर पहाटे हेल्मेट घालून निघालेलं माणूस दिसलं की शेजारीपाजारी वळून बघेनासे झाले. मी शाळेत गणित शिकवते. पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली आणि दोन वर्षांनी, गेल्या हंगामात, एसआर म्हणजे सुपर रँडोनिअर झाले. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड पुऱ्या करायच्या. वेळेची मर्यादा अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. वाटेत कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदकार्डावर) शिक्का घ्यायचा. मागून गाडीत डबा घेऊन येणारं कुणी नाही. पंक्चर आपलं, भूक आपली. मालेगाव, धुळे, शिरपूरची बाजू, राहुड घाटातला वारा, सगळं झालं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तेवढा भाग सोपा होता.

जिल्ह्यातली एक क्रीडासंस्था दरवर्षी अशा दमसासाच्या खेळाडूंचा सत्कार करते. संध्याकाळचा कार्यक्रम, स्टेज, मानचिन्ह, शाल. अल्ट्रा धावणारे, आयर्नमॅन केलेले, समुद्रात पोहणारे आणि आम्ही सायकलवाले. अर्ज ऑनलाइन. नाव, जन्मतारीख, आधार, खेळाचा प्रकार असे दहा रकाने दहा मिनिटांत भरले. (नाव आधारवर आहे तसंच लिहा. माझ्या ब्रेव्हे कार्डावर वडिलांचं नाव नव्हतं, त्याचं एक वेगळं हमीपत्र द्यावं लागलं.) मग आला अकरावा: ‘स्पर्धेतील क्रमांक’. शेजारी लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

आता पंचाईत अशी, की बीआरएमला क्रमांकच नसतो. ती स्पर्धाच नाही. दिलेल्या वेळेत पोचलात की पोचलात. साडेनऊ तासांत दोनशे करणारा आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांत धापा टाकत येणारा, दोघे सारखेच. नियमावली पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची. तो क्लब १९०४ सालचा, त्यामुळे हे काही काल-परवा ठरलेलं नाही.

मी रकाना रिकामा ठेवला. अर्ज पुढे जाईना. ‘लागू नाही’ लिहिलं. ‘कृपया अंक टाका’ असं उत्तर आलं. शून्य टाकलं. ‘क्रमांक १ किंवा अधिक असावा.’ आयुष्यभर मुलांना शून्याचं महत्त्व शिकवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा शून्यही चालेना.

फोन केला. चार दिवस कुणी उचलला नाही, पाचव्या दिवशी ‘समक्ष या’ म्हणाले. शाळा सुटल्यावर गेले. कार्यालय पहिल्या मजल्यावर, जिन्यात जुन्या बॅनरच्या गुंडाळ्या. आत एक साहेब, एक संगणक आणि मानचिन्हांनी भरलेलं कपाट.

“मॅडम, टाका की काहीतरी. कितवा आला?”

“अहो, कितवाच नसतो. पोचले.”

“मग जिंकलं कोण?”

“कुणी नाही. अठ्ठावीस जण निघालो, एकवीस पोचलो.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शाळेत गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे मी तसंच बघत असेन. मग मीही शिक्षकी बाणा सोडला नाही. म्हटलं, इथे लवकर पोचूनही उपयोग नाही. कंट्रोल उघडायची वेळ ठरलेली असते. पहिल्या दोनशे किलोमीटरना ताशी चौतीसचा वेग धरून ती काढतात. दोनशेचा शेवटचा कंट्रोल पाच तास त्रेपन्न मिनिटांनी उघडतो. त्याआधी पोचलात तर दाराशी उभं राहायचं.

“म्हणजे पहिला येणाराच ताटकळणार?”

“हो.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं, पटलं.

“बायका किती होत्या?” त्यांनी विचारलं.

“दोघी.”

“मग सोपं आहे की! पहिली नाहीतर दुसरी.”

दुसरी म्हणजे माझी सिन्नरची मैत्रीण. तिनेही अर्ज केला होता आणि तीही अकराव्याच रकान्यात अडकली होती. चारशेच्या रात्री दोन वाजता, हायवेच्या कडेला, माझी मागची ट्यूब दुसऱ्यांदा बसली तेव्हा ही बाई तोंडात टॉर्च धरून पाऊण तास माझ्यासोबत बसली होती. सहाशेला पहाटे तिला झोप अनावर झाली, तेव्हा मी तिला पंधरा मिनिटं बसस्टॉपवर झोपू दिलं आणि घड्याळ बघत बसले. शेवटच्या टेबलावर दोघींनी कार्डं एकदमच ठेवली. शिक्का आधी तिच्या कार्डावर पडला, कारण ते वर होतं. एवढ्यावरून ती पहिली? की टेबलाशी माझा पाय आधी पोचला म्हणून मी? रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, “तू पहिली टाक, मला काय त्याचं.” मी म्हटलं, तू टाक. वीस मिनिटं आम्ही भांडलो. दोघींनीही टाकायचं नाही, यावर ते भांडण मिटलं.

दुसऱ्या फेरीत साहेबांनी तोडगा काढला. “पत्र आणा. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. की बाबा, क्रमांक दिला जात नाही.”

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्या राइडचे आयोजक म्हणजे सायकलपायी झोपेचं खोबरं करणारा भला माणूस, पोटापाण्याला हार्डवेअरचं दुकान. लेटरहेड? नव्हतं. “दुकानाचं चालेल का?” त्यांनी निरागसपणे विचारलं. नळाच्या तोट्यांच्या चित्राखाली माझ्या सहनशक्तीचा दाखला मला काही बरा दिसेना. शेवटी कोऱ्या कागदावर टाइप केलं. राहिला शिक्का. त्यांच्याकडे एकच शिक्का होता, कार्डांवर मारायचा, कंट्रोलचा. तो धुळ्याच्या कंट्रोलवर बसणाऱ्या मुलाकडे राहिला होता. तो मुलगा लग्नाला जळगावला गेलेला. सहा दिवस गेले. मधेच दुसरा शनिवार आला. अर्जाची मुदत संपायला आठवडा राहिला होता, आणि मी वर्गात भूमितीचे प्रमेय शिकवताना मनात त्या शिक्क्याचा माग काढत होते. जळगावहून धुळे, धुळ्याहून एसटीच्या पार्सलने नाशिक.

घरचे म्हणाले, सोडून दे. हे तर म्हणाले, “मी देतो तुला शाल.” पण मला आता पुरस्कार नकोच होता. मला तो रकाना हवा होता.

(अजून एक, आठवलं म्हणून: एसआरचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असतो, पुरस्काराचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. माझ्या चारही राइड फेब्रुवारीपर्यंत झाल्या होत्या म्हणून निभावलं. ज्यांनी सहाशे पावसाळ्यात केली, त्यांच्या एसआरचे दोन वर्षांत दोन तुकडे झाले आणि अर्ज बाद. सहाशे लवकर उरका. आणि मेडल आपोआप घरी येतं अशा भ्रमात राहू नका. ते वेगळे पैसे भरून मागवायचं असतं. अर्जाला चालतो तो पॅरिसहून निकाल मंजूर झाल्यावर मिळणारा होमोलोगेशन नंबर.)

शिक्का आला. पत्र झालं. दोघींची दोन पत्रं घेऊन मी तिसऱ्यांदा तो जिना चढले. साहेबांनी पत्र वाचलं नाही. कागद उजेडाकडे धरून फक्त शिक्का बघितला, मान डोलावली, पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून फाइलला लावला. मग संगणकाकडे वळून माझा अर्ज उघडला आणि अकराव्या रकान्यात टाइप केलं: ९९९.

“हे काय?”

“क्रमांक नसणाऱ्यांना आम्ही तेच टाकतो. ते पोहणारे येतात ना, धरमतर ते गेटवे एकटेच पोहून येतात, त्यांनाही तेच.”

“मग हे पहिल्याच दिवशी का नाही टाकलं?”

“तेव्हा पत्र कुठे होतं?” ते शांतपणे म्हणाले. आणि चहा मागवला. चहा चांगला होता, हे मान्य करावं लागेल.

सत्काराची संध्याकाळ दीड तास उशिरा सुरू झाली, कारण प्रमुख पाहुणे. भाषणं नेहमीची. आमच्या रांगेत दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन सलग दोन वर्षं धावून बॅक-टू-बॅक मेडल आणलेले एक गृहस्थ होते, वय साठीला टेकलेलं. बारा तासांची मर्यादा संपताना बंदूक कशी उडते आणि दोन पावलांवर असलेल्या माणसासमोर वाट कशी बंद होते, ते त्यांनी कुजबुजत सांगितलं. ते ऐकताना स्टेजवर काय चाललंय याचं मला भान राहिलं नाही. त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली वीस मिनिटं ती.

मग निवेदिकेनं आमची नावं पुकारली. हातातल्या कागदावर होतं ते तिनं खणखणीत आवाजात वाचलं: “सुपर रँडोनिअर, क्रमांक नऊशे नव्याण्णव!” क्षणभर सभागृह गप्प. मग मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात टाळ्या वाजवल्या आणि बघता बघता सगळ्यांनीच. मैत्रिणीचाही क्रमांक नऊशे नव्याण्णव निघाला तेव्हा तर लोक उभे राहिले. स्टेजवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, कारण हसू आवरलं नसतं.

प्रशस्तिपत्रकावरही तेच छापलंय. मुख्याध्यापकांनी ते आग्रहानं शाळेच्या व्हरांड्यात लावलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. मला बघून म्हणाला, “बाई, एकूण किती जण होते?”

“अठ्ठावीस,” मी म्हटलं.

तो बोटांवर काहीतरी मोजत वर्गात गेला.