स्पारिंगमध्ये पडलेला टायसन

जानेवारी १९९०, टोकियो. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या सरावाच्या लढतीत, ग्रेग पेजने बॉक्सर माइक टायसनला खाली पाडलं. टायसन तोवर ३७ लढतींत अजिंक्य होता, म्हणून फार कुणी ते मनावर घेतलं नाही. ११ फेब्रुवारीला बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत नॉकआउट केलं.

मग स्पारिंगमध्ये मार खाणारा हरतोच का? अजिबात नाही. मुहम्मद अली सरावात मुद्दाम रिंगच्या दोरांना टेकून जोडीदारांचे ठोसे अंगावर घ्यायचा. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर तीच सवय कामी आली.

सरावाचे ग्लोव्ह बहुधा १६ औंसांचे, डोक्यावर हेडगार्ड. व्यावसायिक लढतीत हेडगार्ड नसतं, आणि ग्लोव्ह १४७ पौंडांपर्यंत ८ औंसांचे, त्यावरच्या गटांत १० औंसांचे. जाड ग्लोव्हआड चेहरा सहज झाकतो; लहान ग्लोव्हमध्ये त्याच बचावाला फट पडते आणि ठोसा आत येतो. शिवाय स्पारिंगच्या दिवशी बॉक्सर धावण्याने आणि वजन उतरवण्याने आधीच थकलेला असतो. म्हणून फेरी कुणी जिंकली हे मी बघतच नाही. जॅबनंतर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानंतर) हात हनुवटीपाशी परत येतो का? एकच उजवा ठोसा तिसऱ्यांदा लागतोय का? शेवटच्या फेऱ्यांत पाय एका रेषेत येतात का? हे दोष लढतीत जसेच्या तसे उतरतात.

जखमेचा धोका वेगळाच. फोरमनची भुवई स्पारिंगमध्येच फाटली आणि अलीशी ठरलेली २५ सप्टेंबरची लढत ३० ऑक्टोबरवर गेली.