उजवीकडची दोन अक्षरं

"मॅडम, हा चष्मा काही उपयोगाचा नाही," असं म्हणत ताईंनी चष्म्याची डबी काउंटरवर ठेवली. डबीला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. दसरा चार दिवसांवर आला होता आणि त्या पहाटे तीनपासून मंडईत होत्या.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दादर पश्चिमेला, फूल गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर एक चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी डोळे तपासते. बारा वर्षं झाली. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं बाजारातलीच. फुलवाले, भाजीवाले, शिंपी. चाळिशी ओलांडली की सुई ओवता येत नाही म्हणून येतात आणि जवळचा नंबर घेऊन जातात. ताईही मागच्या वर्षी तशाच आल्या होत्या. वय ४३, हार ओवताना त्रास. मी प्लस १.२५ दिला होता.

मी त्यांचं जुनं कार्ड काढलं. अक्षर माझंच. 'राइट ६/६ पार्शल, लेफ्ट ६/६ पार्शल.' ६/६ म्हणजे नजर नॉर्मल. पार्शल म्हणजे ओळ वाचली, पण एखाद-दुसरं अक्षर सुटलं. असं मी दिवसातून दहा वेळा लिहिते. समोरचा माणूस दुकान सोडून आलेला असतो, घाईत असतो, अक्षर सुटतं.

"काय होतं नेमकं?" मी विचारलं.

"सुई दिसते, फूल दिसतं. सुई फुलातून पलीकडे गेली की टोकच सापडत नाही. हे बघा." त्यांनी डाव्या हाताची बोटं पुढे केली. तर्जनी आणि मधलं बोट टोचून टोचून खडबडीत झालं होतं. मी बोटांकडे पाहिलं, हाताकडे नाही. तो मला नंतर दिसला.

डावा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यात खालच्या ओळीत पाच अक्षरं होती: र, ख, प, न, ल. ताईंनी वाचलं, "र, ख, प." आणि थांबल्या.

"पुढे?"

"संपलं की."

मी उजवा डोळा झाकला. आता डावा. "प, न, ल," ताई म्हणाल्या.

माझा हात ट्रायल फ्रेमवर, तपासणीची भिंगं घालायच्या चौकटीवर, तसाच राहिला. उजव्या डोळ्याला उजवीकडची दोन अक्षरं नव्हती, डाव्याला डावीकडची दोन. घाईत सुटलेली अक्षरं अशी बाजू धरून सुटत नाहीत. मागच्या वर्षीही हीच सुटली असतील का? कार्डावर ते नव्हतं. मी नुसतं 'पार्शल' लिहिलं होतं, कुठली अक्षरं ते लिहिलं नव्हतं.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसले. "डावा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. माझी बोटं हलताना दिसली की सांगा." उजवा हात लांब नेऊन बोटं हलवत हळूहळू आत आणली, मग डाव्या हाताने तेच केलं. एका बाजूने त्यांनी लगेच ओळखलं. दुसऱ्या बाजूने माझा हात त्यांच्या खांद्याच्या रेषेवरून गालासमोर आला, पार नाकाच्या रेषेपर्यंत आला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आत्ता." दुसऱ्या डोळ्याचं तसंच, फक्त आरशात बघितल्यासारखं उलट. बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण घेतलं आणि मधल्या उभ्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे धरलं. नाकाच्या बाजूला ते लाल होतं. कानाच्या बाजूला सरकवलं की ताई म्हणायच्या, "आता मळकं झालं," आणि आणखी थोडं पुढे गेलं की, "कुठे नेलंत?"

माझ्या छातीत धडधडत होतं. हे मी कॉलेजमध्ये शिकले होते, परीक्षेत आकृती काढली होती, पण बारा वर्षांत समोर बसलेल्या माणसात कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना समजावायला मी दादर स्टेशनच घेतलं. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे एक जाड नस जाते. त्या एकेका नसेत दहा लाखांवर बारीक धागे असतात. दोन्ही नसा आत जाताना कवटीच्या तळाशी एका जागी भेटतात. तिथे प्रत्येक डोळ्याचे निम्म्याहून थोडे जास्त धागे पूल ओलांडून पलीकडच्या लाइनला जातात, बाकीचे आपल्याच बाजूने पुढे जातात. ओलांडून जाणारे धागे कानाकडच्या बाजूचं चित्र नेणारे असतात. त्या पुलावर मधोमध दाब आला, तर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाते आणि समोरचं शाबूत राहतं. म्हणून तक्ता वाचता येतो आणि नंबर चांगला येतो. आम्ही तपासतो ते मधलंच.

"पण काळं तर काही दिसत नाही मला," त्या म्हणाल्या.

"तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय?"

"मागचं कसं दिसेल?"

"काळं दिसतंय का?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नाही. काहीच नाही." जिथून काही खबरच येत नाही, तिथे मेंदू काळा रंग भरत नाही. ती जागा त्याच्या हिशेबातून निघूनच जाते. म्हणून माणसाला आपलं अर्धं जग गेल्याचं कळत नाही. त्याला वाटतं, लोकच हल्ली बाजूने येऊन आदळतात.

सुईचंही तिथेच उलगडलं. सुईच्या नाकावर दोन्ही डोळे रोखले की त्याच्या पलीकडच्या वस्तूची प्रतिमा दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूच्या पडद्यावर पडते. पडद्यावर चित्र उलटं पडतं, कानाकडचं नाकाच्या बाजूला, म्हणून दाबले गेले होते ते याच पडद्याचे धागे. म्हणजे ताई जिथे बघत तिथवरचं त्यांना दिसत होतं आणि त्याच्या मागे एक आंधळी जागा होती. फुलातून आरपार गेलेलं सुईचं टोक त्या जागेत शिरत होतं. यात चाळिशीच्या चष्म्याने काय फरक पडणार होता?

"बाजूला गिऱ्हाईक येऊन उभं राहतं, मला कळत नाही," ताई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "निघून जातं. आमची जाऊ म्हणते, हिला आता माज आला."

आणि मग त्यांनी पदराने कपाळ पुसलं, तेव्हा मला तो हात दिसला. दुकानात एसी होता, तरी त्यांना घाम येत होता. बोटं जाड, तळवा रुंद, सुजल्यासारखा पण सूज नाही. हातात दोनच बांगड्या, प्लॅस्टिकच्या.

"बांगड्या?" मी विचारलं.

"आधी सव्वादोनच्या यायच्या. आता अडीचच्याही चढत नाहीत." पायातली जोडवी दोन वर्षांपूर्वी सोनाराकडून कापून काढली होती. चपलेचं माप सहाचं आठ झालं होतं. मी आधार कार्ड मागितलं. नऊ वर्षांपूर्वीचा फोटो. फोटोतल्या बाईचा चेहरा लांबट आणि नाक सरळ होतं. समोरच्या ताईंचं नाक पसरलेलं, भुवयांचं हाड पुढे आलेलं, खालचा जबडा पुढे. नवरा आणि मुलगा रोज बघत होते, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. रोज केसभर बदलणारा चेहरा घरच्यांना ओळखू येत नाही.

त्या पुलाच्या बरोबर खाली, हाडाच्या एका खोबणीत, पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. वाटाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शरीराच्या वाढीचं हार्मोन तिथून सुटतं, मुख्यतः रात्री गाढ झोपेत, लाटांसारखं. ते यकृताला आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ बनवायला लावतं आणि हाडं-मांस वाढतात. वयात येऊन गेल्यावर लांब हाडांची टोकं मिटलेली असतात, म्हणून ग्रंथीत गाठ होऊन हे हार्मोन बेसुमार सुटलं तरी माणूस उंच होत नाही. त्याचे हात, पाय, जबडा, जीभ वाढत राहतात. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली या आजाराला अ‍ॅक्रोमेगाली नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ टोकं मोठी होणं.

पुढच्या दहा मिनिटांत मी प्रश्न विचारत गेले आणि ताई उत्तरं देत गेल्या. प्रत्येक उत्तराला आधीच कोणीतरी कारण देऊन ठेवलं होतं. अंगठी रुतते, तर बाईमाणसाचं अंग सुटतंच. पाळी दोन वर्षं बंद, तर लवकर गेली एवढंच. रात्री हातांना मुंग्या, तर दिवसभर सुई धरता म्हणून. मोठ्याने घोरता, तर दमणूक. शुगर निघाली, तर आईला होतीच. आणि सुई ओवता येत नाही, तर चाळिशी. हे शेवटचं कारण मी दिलं होतं.

खरं तर यातलं बरंचसं एकाच जागेशी जोडलेलं होतं. वाढीचं हार्मोन इन्सुलिनच्या कामाला विरोध करतं, म्हणून साखर चढते. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मांस सुजतं आणि तिथून जाणारी नस दाबली जाते, म्हणून मुंग्या. अंडाशयांना हुकूमही त्याच ग्रंथीतून जातो. गाठीने तिथल्या पेशी चेपल्या की तो हुकूम जात नाही.

आमच्या दुकानात संध्याकाळी येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन ये." शिवाजी पार्कजवळ त्यांचा दवाखाना आहे. ताईंचा मुलगा गाळ्यावर बसला आणि आम्ही दोघी चालत गेलो. रानडे रोडवर मी मुद्दाम त्यांच्या उजवीकडून चालत होते. दोनदा त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं, जणू मी मध्येच उगवले होते.

फील्ड टेस्टचे, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचे, दोन कागद मशीनमधून बाहेर आले. दोन्हींवर बाहेरची बाजू काळी, वरच्या कोपऱ्यात सगळ्यात गडद, कारण गाठ पुलाला खालून ढकलते तेव्हा वरचं जग आधी जातं. आणि त्या काळ्याची कड मधल्या उभ्या रेषेवर पट्टीने आखल्यासारखी सरळ. डॉक्टरांनी ताईंना बसवून सगळं सांगितलं. गाठ हा शब्द आला तेव्हा ताईंनी माझा हात धरला. बहुतेक वेळा ही कॅन्सरची नसते, हे डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं आणि परळच्या महापालिकेच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली.

ताई म्हणाल्या, "दसरा झाल्यावर जाते. वर्षाचा धंदा या चार दिवसांत होतो."

मला वाटलं, डॉक्टर रागावतील. पण त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "वर्षानुवर्षं वाढलेली गाठ आहे, चार दिवसांनी फार फरक पडणार नाही. पण एकदम जोरात डोकं दुखलं, उलटी झाली, दोन-दोन दिसायला लागलं, तर फुलं तिथेच टाकून निघायचं. मुलाला सांगा." गाठीत कधी कधी अचानक रक्तस्राव होतो, म्हणून हे सांगितलं होतं. ते चार दिवस मी रोज घरी जाताना गल्लीतून वळसा घालून जायचे. झेंडूच्या ढिगात ताई मान डावी-उजवीकडे फिरवत बसलेल्या दिसायच्या. मी सांगितलं होतं, नजरेने नाही, मानेने बघा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुढचं मला त्यांच्या मुलाकडून कळत गेलं. एमआरआयमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ. आयजीएफ-१ खूप वाढलेलं. एका सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. निरोगी माणसात साखर पोटात गेली की वाढीचं हार्मोन खाली बसतं, ताईंचं बसलं नाही. जानेवारीत ऑपरेशन झालं, नाकातून दुर्बीण घालून, डोकं न उघडता. नंतर काही दिवस त्या पितात किती आणि लघवी किती होते ते मोजून ठेवत. शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन मेंदूत बनतं, पण साठवलं जातं याच ग्रंथीच्या मागच्या भागात, आणि तिथे हात लागला तर माणूस बादलीभर लघवी करतो. मुलगा म्हणाला, आई सगळ्यात जास्त वैतागली ती या मापांना.

गुढीपाडव्याच्या आधी ताई आल्या. चेहऱ्यावरचा फुगीरपणा उतरला होता. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. "अडीचच्या," त्यांनी हात वर करून दाखवला. सव्वादोनच्या आता येणार नाहीत. मांस उतरतं, वाढलेलं हाड उतरत नाही.

मी डावा डोळा झाकला. "र, ख, प," आणि मग क्षणभर थांबून, "न, ल." दुसऱ्या डोळ्याने न थांबता पाचही. समोर बसून बोटं हलवली. डाव्या डोळ्याला सगळीकडे दिसलं. उजव्याला वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात अजून दिसत नाही, ते कार्डावर चित्र काढून लिहिलं.

"वास मात्र गेला हो," त्या म्हणाल्या. "दोन महिने मोगरा नुसता पांढरा होता." नाकातून ऑपरेशन झाल्यावर असं होतं. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या छताला असतात आणि त्या शरीरात पुन्हा पुन्हा नव्याने तयार होत राहतात, म्हणून मी त्यांना धीर दिला. "आता निशिगंधाचा येतो," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याचा पहाटे जरासा."

मग जवळचं तपासलं. चाळिशी होतीच. मागच्या वेळेचा नंबर चुकीचा नव्हता, आता तो थोडा वाढला होता. प्लस १.५० ची भिंगं ट्रायल फ्रेममध्ये घातली आणि ड्रॉवरमधून सुई-दोरा काढून त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा दोरा बाजूने गेला. दुसऱ्यांदा आत गेला आणि पलीकडे निघालेलं टोक त्यांनी चिमटीत पकडून ओढलं.

"कधी मिळेल?" त्यांनी विचारलं. "पाडव्याच्या आधी द्या."