चित्रातले किती वाजले?

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना चित्र दाखवायला नेलं की ते चांगलं-वाईट काहीच म्हणायचे नाहीत, पहिले विचारायचे, "याच्यात किती वाजले?"

मी आपल्या नागपूरच्या शाळेची, १९९३ची दहावीची बॅच. आठवीत माझ्या वहीत दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाची झाडं असंच चित्र असायचं, वर्गातल्या निम्म्या पोट्ट्यांचं तेच. सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, "नारळ कुठं पाह्यला तू इथं? आणि सूर्य उगवून राहिला का मावळून राहिला?" मला सांगता येईना. रागावले नाहीत, वही परत दिली आणि म्हणाले ग्राउंडवर जा, जे दिसते ते काढ अन् खाली वेळ लिही.

तेव्हापासून आजपर्यंत मी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने वेळ लिहिते. आता लँडस्केप हाच माझा व्यवसाय आहे, तीसेक वर्षांची चित्रं घरात आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर तारीख, ठिकाण, वेळ.

सुट्टीत सर फुकट क्लास घ्यायचे, सकाळी सातला. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी म्हणून आम्ही जायचो पण तिथं परीक्षेचं कमी आणि बाकीचंच जास्त व्हायचं. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला दुपारपर्यंत थांबवून घेतलं, ग्राउंडच्या मधोमध एक काठी उभी रोवली आणि सावली बघत बसा म्हणाले. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी गेली आणि नाहीशीच झाली! तेही बाराच्या ठोक्याला नाही, बारा वाजून दहाएक मिनिटांनी. मग सरांनी सांगितलं की देशभराचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताच्या रेषेवर लावलंय, आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. भूगोलाच्या तासाला हेच वाचलं होतं पण कळलं त्या दिवशी, डोक्यावर ओढणी घेऊन, ४५ डिग्रीत.

दुसरी गोष्ट भिंतीची. शाळेच्या ऑफिसच्या मागे चुना दिलेली लांब भिंत होती, खाली गेरूचा पट्टा आणि वर कडुनिंबाची सावली पडायची. मी ती सावली काळ्यात थोडं पाणी घालून रंगवली. सर मागे येऊन उभे राहिले, "सावली काळी दिसून राहिली का तुले? नीट पाह्य." मी बघत बसले, पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, खरंच काळी-करडीच वाटत होती, आणि मग हळूहळू दिसायला लागलं की वरच्या बाजूला ती निळसर आहे कारण तिच्यावर उघड्या आकाशाचा उजेड येतोय, आणि खाली गेरूजवळ तीच सावली तांबूस होतेय कारण समोरच्या मुरमाच्या जमिनीवर पडलेलं ऊन उलटून भिंतीवर चढतंय. एकच सावली आणि तिच्यात दोन रंग. वर अल्ट्रामरीन निळा, खाली जाताना ओल्यातच थोडं तांबूस बर्न्ट सिएना सोडलं, दोन्ही आपोआप एकमेकांत गेले. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं चित्र ते.

पुढे खूप फिरले. काशीला घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, सकाळचं ऊन गंगेपलीकडून सरळ समोरून येतं त्यामुळे पायऱ्या चपट्या दिसतात, मजा येते ती ऊन तिरपं होतं तेव्हा आणि दुपारनंतर तर आख्खा घाटच सावलीत जातो. कोकणात ऑगस्टमध्ये गेले तर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळेचना, जांभ्याच्या भिंतीचा लाल रंग लावून दोन तास वाट बघितली, तोवर वरच्या आकाशाचा ओला रंग त्याच्यात उतरलेला. इकडे नागपुरात मे महिन्यात उलटं, ब्रश कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत मागचं वाळून कडा पडते, म्हणून आम्ही कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवतो, तरी सकाळी साडेआठनंतर हात थांबवावाच लागतो.

पण सगळ्यात जास्त शिकवलं लडाखने. पँगाँग सरोवर चार हजार मीटरहून उंच, तिथं हवा विरळ, धूळ नाही, बाष्प नाही. लांबचं सगळं निळसर आणि फिकं करायचं हा जो पक्का बसलेला नियम, तो तिथं चालतच नाही. कितीतरी मैलांवरचा डोंगर हाताजवळ असल्यासारखा स्वच्छ, त्याची घडी न् घडी दिसते. तीन दिवस माझी चित्रं फसली. चौथ्या दिवशी नियम सोडून दिला आणि जे दिसतं ते लावलं.

आणि परत आल्यावर नागपुरातल्या फुटाळा तलावावर बसले तेव्हा कळलं की आपल्याकडेही तो नियम मी न बघताच लावत होते! मेच्या दुपारी पलीकडची झाडं निळी होत नाहीत, धुळीने पिवळट-पांढुरकी होतात. मातकट पिवळा यलो ऑकर भरपूर पाण्यात आणि त्यात नावाला कोबाल्ट निळा, बस. हा रंग मला लडाखला गेल्याशिवाय सापडला नसता असं मला मनापासून वाटतं. लोक विचारतात नागपुरात काय आहे रंगवायला, ना समुद्र ना बर्फ. मला तर फुटाळ्याचं पुरत नाही, पावसाळ्यात वेगळा, डिसेंबरच्या धुक्यात वेगळा, आणि फाल्गुनात रामटेकच्या रस्त्याने निघालं की पानं झडलेल्या करड्या जंगलात पळस असा पेटलेला असतो की गाडी थांबवावीच लागते. सर आम्हाला आबालाल रहिमान यांचं सांगायचे, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, त्यांनी कोल्हापुरातलं कोटितीर्थ तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. तेव्हा मला वाटायचं एकच तळं कशाला? आता माझ्याकडे फुटाळ्याची किती चित्रं झालीत ते मोजलेलं नाही.

मागच्या वर्षी सरांकडे गेले. आता त्यांना बारीक दिसत नाही, तरी ते माझं चित्र स्वतः खिडकीजवळ घेऊन गेले, एकदा जवळून, एकदा हात लांब करून बघितलं आणि म्हणाले, "सकाळचंच आहे, पण उशीर केला तू बसायला." मागे ९.४० लिहिलं होतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात माझी अकरा चित्रं हॉलमध्ये लागणार आहेत, फुटाळ्याची पाच, बाकी प्रवासातली. बारावी जागा मी रिकामी ठेवायला सांगितलंय. ऑफिसमागची ती भिंत आणि तो कडुनिंब आता नाही, तिथं नवीन बिल्डिंग झाली, आणि त्या भिंतीचं माझं आठवीतलं चित्र घर बदलताना हरवलं. ती भिंत मला पुन्हा काढायची आहे. सावलीचे रंग पक्के आठवतात, पण गेरूचा पट्टा किती उंच होता आणि झाडाची मोठी फांदी ऑफिसच्या बाजूला होती की गेटच्या, हे काही केल्या आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे गॅदरिंगचा किंवा वर्गाचा असा फोटो असेल ज्यात मागे ती भिंत आलीय, तर प्लीज तो प्रदर्शनाच्या टेबलवर आणून द्या, मी तिथल्या तिथे बघून परत करीन. आणि फोटो किती वाजता काढला होता ते आठवत असेल तर तेही सांगा.