तुम्ही विचारलंत म्हणून: मामा हा शब्द कोणाचा?

आमच्या गडचिरोलीकडून दरवर्षी लोकं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि परत आले की हमखास विचारतात, "सर, तिकडं पण मामाले मामाच म्हणतेत, मंग हा शब्द त्याईचा का आपला?" आणि आता पोरं मोबाईलवर पाहून विचारतात की स्वाहिलीत आईला मामा म्हणतात, म्हणजे आपली भाषा आफ्रिकेत गेली होती काय.

नाही गेली. मराठी आणि स्वाहिलीचं काही नातं नाही, आणि तिकडे पेरूतल्या केचुआ भाषेत पण आई म्हणजे मामाच. हा शब्द जागोजागी लेकरांनी आपापला काढलाय. दूध पिताना तोंड भरलेलं असतं, आवाज निघतो तो नाकातूनच, म्म्म असा, आणि मग भूक लागली की समोर दूध नसलं तरी तोच आवाज. हे रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने मांडलं, आणि त्याच्यापुढे जगभरातले आईबापांसाठीचे १०७२ शब्द होते, त्यात आईच्या ५५ टक्के शब्दांत म-न सारखा नाकातला आवाज सापडला, बापाच्या फक्त १५ टक्क्यांत.

आपल्याच ओसरीवर पाहा ना. जेवणं चालू असतात, रांगणारं लेकरू ममम करायला लागतं, आजी म्हणते मंमं मागून रायलं, माय म्हणते मले बोलावते, आणि बाजाराला म्हणून आलेला मामा ताटावरून उठून "मामा म्हणे, पाय!" म्हणत त्याला उचलतो. अर्थ मोठ्यांनी लावलेला असतो. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे चक्क बाप, आणि आई म्हणजे देदा! मला हे भारी आवडतं, तिकडे त्या हाकेला बाप उठत असेल.

तेलुगूचं मात्र वेगळं आहे, तिथं नुसत्या लेकराच्या तोंडावर भागत नाही. तेलुगूत मामा म्हणजे आईचा भाऊ आणि सासरा पण, कारण मामाची पोरगी करायची रीत, मग मामाच सासरा होतो. आपल्याकडे पण ती रीत आहेच की, म्हणून तर सासरा मामंजी आणि सासू आत्याबाई. म्हणजे शेजारी राहून रीत एकसारखी, आणि नात्यांची नावंही तशीच बसली, भाषांची घराणी वेगळी असली तरी.

घराणं पाहायचं तर आकडे पाहा. गोंडीत रंड, मूंद, तेलुगूत रेंडु, मूडु. मराठीत दोन, तीन, हिंदीत दो, तीन. कोण कोणाच्या घरचं ते लगेच कळतं. म्हणून मिरचीवर जाणाऱ्यांना मी सांगतो, पुढच्या खेपेला मामा राहू द्या, तिकडचे दहापर्यंत आकडे शिकून या आणि गावातल्या गोंडी बोलणाऱ्या आजीजवळ बसून जुळवून पाहा.