आमची वाटचाल : कोणती वही कोणाच्या हाती

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टेरी टॉवेल आठवतो. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तो मान रास्तच आहे. आमचा धंदा मात्र शाळेच्या गणवेशाचा. वडिलांनी पूर्व भागात भाड्याच्या खोलीत जॉबवर्क सुरू केलं, पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड घेतली. भिलवाड्याचं सुटिंग, इचलकरंजीचं शर्टिंग, कटिंग आणि शिलाई आमच्याकडे, मोनोग्रामचं, म्हणजे कपड्यावर शाळेचा लोगो उमटवायचं काम बाहेर. माल महाराष्ट्रात जातो तसा कर्नाटक-तेलंगणातही जातो. शहरात गणवेश उत्पादकांची प्रदर्शनं भरू लागली तसे लांबलांबचे डीलर जोडले गेले.

वडिलांच्या काळात मापाची वही कटिंग मास्तरांच्या टेबलावर असायची आणि रेटची वही गल्ल्याच्या खणात. कोणी काय बघायचं हे वही कुठे ठेवली आहे त्यावरूनच ठरायचं, वेगळं सांगावं लागत नसे. ऑर्डरी वाढल्या आणि आम्ही सगळं गूगल ड्राइव्हवर नेलं, तेव्हा ही जागा ठरवण्याचं काम नव्यानं अंगावर आलं. ते काम फाइल शेअर करायच्या एका छोट्या खिडकीत होतं, आणि कंपनीतली सर्वांत महत्त्वाची खिडकी तीच आहे असं माझं ठाम मत आहे.

त्या खिडकीत दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात. वर विचारतात, कोणाकोणाला? तिथे आपण माणसाचा ईमेल घालतो. खाली विचारतात, ज्याच्याकडे लिंक आहे त्याचं काय? तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवलं तर लिंक कुठेही फिरली तरी वरच्या यादीतल्या माणसालाच फाइल उघडते. ‘एनीवन विथ द लिंक’ केलं तर लॉगिनही लागत नाही, ज्याच्या हाती लिंक पडली त्याला फाइल दिसते. मग वरच्या यादीतून एखाद्याचं नाव काढलं तरी उपयोग नाही, जुन्या लिंकवरून तो आत येतोच. ही एक गोष्ट ऑफिसातल्या प्रत्येकाला नीट कळली की निम्मं काम झालं.

उघडी लिंक वाईट असं मी म्हणत नाही. आमचा कॅटलॉग आणि शेड कार्ड, म्हणजे कापडाच्या रंगछटांचा तक्ता, मुद्दाम उघड्या लिंकवर आहे, फक्त व्ह्यूअर म्हणून, म्हणजे नुसतं बघण्यापुरतं. डीलरनं ती व्हॉट्सॲपवर दहा शाळांना पाठवावी, आम्हाला आनंदच आहे. रेट लिस्ट मात्र प्रत्येक डीलरची वेगळी, वेगळ्या पीडीएफमध्ये, त्याच्याच ईमेलवर. एका शीटमध्ये खर्चाचा कॉलम लपवून तीच शीट डीलरला द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे. मूळ सेटिंगप्रमाणे नुसता व्ह्यूअर असलेला माणूसही त्या शीटची कॉपी काढून लपवलेला कॉलम उघडू शकतो. कॉलम लपवणं हे नजरेच्या सोयीसाठी असतं, त्यानं काही सुरक्षित होत नाही.

सर्वांत जास्त जीव मी मापाच्या शीटमध्ये घालतो. आमच्या ताई शाळेत जाऊन मापं घेतात आणि तिथेच मोबाइलवर भरतात: वर्ग, मुलाचं नाव, छाती, कंबर, उंची, शर्टची लांबी. ही लहान मुलांची नावं आणि शरीराची मापं आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी वेगळ्या अटी आहेतच, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. पालकांनी शाळेवर विश्वास टाकला, शाळेनं आमच्यावर. म्हणून नावाची शीट रिस्ट्रिक्टेड. एडिटर, म्हणजे बदल करू शकणारे, फक्त माप घेणाऱ्या ताई आणि पॅकिंगच्या वेळी नावाचं लेबल लावणारी एक जण.

कटिंग मास्तरांना नावं लागत नाहीत. त्यांना हवं असतं की पाचवीच्या हाफ शर्टात 28 चे किती, 30 चे किती; त्यावरून ते मार्कर (कापडावर साचे कसे मांडायचे) आणि लेयर (किती थर एकदम कापायचे) ठरवतात. त्यांच्यासाठी दुसरी शीट आहे, तिच्यात ‘इम्पोर्टरेंज’ या एका शीटमधली माहिती दुसरीत आणणाऱ्या सूत्रानं नुसता साइजचा कॉलम येतो आणि तिथेच मोजणी होते. इथे एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन शीट एकदा जोडून ‘अलाउ ॲक्सेस’ दाबलं, की दुसऱ्या शीटचा कोणीही एडिटर सूत्र बदलून पहिल्या शीटमधलं काहीही ओढू शकतो, नावंसुद्धा. म्हणून मास्तरांच्या शीटला एडिटर ऑफिसातले आम्ही दोघंच. मास्तर व्ह्यूअर. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही; उलट चुकून बोट लागून आकडा बदलायची भीती गेली म्हणाले.

एडिटरबद्दल आणखी एक. माणसाच्या स्वतःच्या ड्राइव्हमधली फाइल एडिटरला मूळ सेटिंगप्रमाणे पुढे इतरांनाही शेअर करता येते. शेअरच्या खिडकीतल्या दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन ती मुभा काढावी लागते. आम्ही महत्त्वाच्या प्रत्येक फाइलला काढली होती. आणि फोल्डर शेअर केला की आतलं सगळं, उद्या त्यात येणारी फाइलसुद्धा, त्या माणसाला दिसते. म्हणून बाहेरच्या माणसाला हंगामाचा मोठा फोल्डर कधीच नाही. मोनोग्रामवाल्याला फक्त त्या शाळेचा लोगो ठेवलेला फोल्डर, तोही तारखेसह. पैसे भरून घेतलेल्या कंपनी खात्यात परवानगीची मुदत घालता येते. आम्ही 15 जून घालतो, साधारण तेव्हाच महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा सुरू होतात आणि त्याचं काम संपलेलं असतं.

एप्रिल-मे हा आमचा धावपळीचा काळ. कर्नाटकातल्या शाळा आपल्या आधी उघडतात, त्यामुळे मेमध्ये गाड्या भरायच्याच. अशात रात्री मास्तरांचा फोन येतो, “मालक, फाइल उघडंना झालीय. परवानगी माग म्हणतंय.” दहातल्या नऊ वेळा कारण एकच: मोबाइलमध्ये दोन खाती असतात, कंपनीचं आणि मुलाच्या अभ्यासाचं, आणि फाइल दुसऱ्या खात्यातून उघडली जाते. “मास्तर, वर उजवीकडं गोल दिसतंय का? त्यात कोणाचा फोटो हाय?” “नातवाचा हाय की!” गोलावर बोट ठेवून खातं बदललं की फाइल उघडते. मालकानं अशा वेळी घाईत लिंक सगळ्यांना उघडी करून टाकायचा मोह आवरावा. दोन मिनिटांचं काम असतं, आणि त्या दोन मिनिटांसाठी उघडलेली लिंक पुढे कोणी बंद करत नाही. परवानगी मागणारा ईमेल आला तर आमच्याकडे आधी त्या माणसाला फोन करायचा, मगच मंजुरी द्यायची, अशी शिस्त आहे.

आता मालकीबद्दल. आमच्याकडे पॅटर्न, म्हणजे कापायचे साचे, करणारा एक हुशार मुलगा होता. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, आम्ही पेढे वाटले. त्याची सगळी कामं त्याच्या स्वतःच्या जीमेलमध्ये होती, कारण कंपनीचं खातं घेण्याआधीपासून तो आमच्याकडे होता. खासगी जीमेलमधल्या फाइलची मालकी कंपनीच्या खात्यावर थेट चढवता येत नाही. जाण्याआधी तो आमच्या ताईंशेजारी बसला आणि दोघांनी एकेक फाइल कॉपी करून आणली. कॉपीची लिंक नवी असते, म्हणजे कटिंग विभागात प्रत्येकानं मोबाइलमध्ये जपून ठेवलेल्या जुन्या लिंक बदलाव्या लागल्या. त्या मुलानं ते शेवटच्या फाइलपर्यंत मनापासून केलं, याबद्दल मी त्याचा कायम ऋणी आहे.

त्यानंतर सगळं काम आम्ही शेअर्ड ड्राइव्हवर हलवलं. तिथल्या फाइलचा मालक कोणी एक माणूस नसतो, कंपनी असते. माणूस बदलला, त्याचं खातं बंद केलं, तरी फाइल जागची हलत नाही आणि लिंकही तीच राहते. माझ्या मते पाच माणसांच्या कारखान्यानंही सुरुवात इथूनच करावी; मशीन वाढवण्याआधी हा खर्च करावा.

जूनअखेर शेवटचा बदली माल गेला की ताई आणि मी एक दिवस बसतो. प्रत्येक शाळेचा फोल्डर उघडायचा, शेअरची यादी वाचायची, बाहेरची नावं काढायची. मुलांच्या नावांच्या शीट शाळेला विचारून पुसून टाकतो. ड्राइव्हच्या कचरापेटीत त्या 30 दिवस राहतात, म्हणून पेटीही तेव्हाच रिकामी करतो. साइजच्या मोजण्या मात्र पुसण्याआधी नुसते आकडे म्हणून उतरवून ठेवतो, कारण मूळ शीट गेली की सूत्रानं येणारे आकडेही जातात; पुढच्या वर्षी कापड किती मागवायचं त्याचा अंदाज त्यावरूनच बांधतो. संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की जानेवारीत नव्या ऑर्डरी सुरू होतात, तेव्हा नवे फोल्डर रिकाम्या यादीनं उघडतो आणि एकेक नाव विचारून घालतो.