दोन्ही बाजूंना सिंह: त्या नाण्याचा निकाल लागला एकदाचा

तर मंडळी, गेल्या महिन्यात ज्या नाण्यावरून मी एवढा उड्या मारत होतो त्याचं अपडेट देतोय, आधीच सांगतो की खिसा हलका झालाय पण डोकं जरा जड झालंय, म्हणजे चांगल्या अर्थाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका प्रदर्शनात एका टेबलावर 1,400 रुपयांना स्टीलचं नाणं घेतलं. एका बाजूला नेहमीसारखे अशोकस्तंभाचे सिंह, भारत, इंडिया, सत्यमेव जयते सगळं जागच्या जागी, आणि उलटं करावं तर तिथेही सिंहच, पण आत दबलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे. म्हणजे ब्रॉकेज, जुने लोक लाखी म्हणतात ते. टांकसाळीत एखादं नाणं छापून झाल्यावर खाली न पडता डायलाच, म्हणजे ठसा उठवणाऱ्या साच्यालाच, चिकटून बसतं, मग पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला डायचा ठसा नीट उठतो आणि दुसऱ्या बाजूला डायच्या ऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच ठसा बसतो, म्हणून उलटा आणि खोल. हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असल्यामुळेच मी गंडलो असं आता वाटतंय.

घरी आल्यावर पहिलं काम वजन. 4.84 ग्रॅम. कॅलिपर लावला, 25 मिलिमीटर. चुंबकाला चिकटलं. मी खूश. पण एक घोळ होता. सिंहाचं ब्रॉकेज असलं की साल आणि टांकसाळीची खूण दोन्ही गायब, कारण ती असतात आकड्याच्या बाजूला. मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याचं काहीच नाही, यातलं बघायला जागाच नाही. त्यात 1992 ते 2004 चा स्टीलचा एक रुपया 25 मिलिमीटर आणि 4.85 ग्रॅम, आणि 2011 पासूनचा दोन रुपयाही बरोब्बर तेवढाच. मग हे नक्की काय, एक की दोन? आठवडाभर मी याच कोड्यात अडकलो होतो, खरं की खोटं हा प्रश्न मनात आलाच नाही बघा.

मग एका रात्री लाइट गेले. मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवून भिंगातून बघत बसलो होतो, प्रकाश एकदम कडेने, नाण्याला घासून जाईल असा. आणि दबलेल्या सिंहांच्या मधे, सपाट भागात, दोन बारीक आडव्या रेघा दिसल्या. एकमेकींना समांतर. त्याखाली एक तिरकी. रुपयाचं चिन्ह! ते चिन्ह 2010 मध्ये आलं आणि नाण्यांवर 2011 पासून, म्हणजे जुना रुपया बाद, हा दोन रुपयाच. मी जागेवरच ओरडलो, बायको म्हणाली लाइट आले का.

पाणी प्यायला उठलो आणि तिथे ट्यूब पेटली.

अरे, कोऱ्या चकतीवर रुपयाचं चिन्ह आलं कुठून? खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला आकड्याची डाय कधी लागतच नाही, मधे चिकटलेलं नाणं असतं ना. म्हणजे जे बघून मी कोडं सुटलं म्हणून नाचत होतो तोच पुरावा होता की हे नाणं आधी पूर्ण, व्यवस्थित छापलं गेलंय आणि सिंह नंतर कोणीतरी दाबून बसवलेत.

लगेच हार मानली नाही हां. एक शक्यता उरते. छापलेलं नाणं बाहेर न पडता तिथेच राहिलं आणि दुसऱ्या वेळी चिकटलेल्या नाण्याखाली आलं, तर दुसरा ठोका ब्रॉकेजचा असू शकतो आणि खाली पहिल्या छपाईच्या खुणा राहू शकतात. पण तसं असेल तर चांगल्या बाजूच्या सिंहांना दोनदा डाय लागलेली असणार, ते ठसठशीत हवेत, नाणं जरासं फिरलं असेल तर कडा दुहेरी दिसायला हव्यात. म्हणून महिनाभरात पहिल्यांदा मी चांगली बाजू नीट बघितली. तिथे सगळा निकाल लिहून ठेवलेला होता राव. मधल्या सिंहाचं नाक सपाट, चकचकीत. भारत मधली शिरोरेखा पसरून जाड झालेली. हे झिजणं नव्हे, झिजलेलं नाणं गुळगुळीत आणि गोलसर होतं, हे वरून पाटा ठेवल्यासारखं एका पातळीत चेपलेलं होतं.

आता खात्रीच करायची म्हटल्यावर मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो. चालू नाणी खराब करायची नव्हती, म्हणून जुन्या बाजारातून आणलेले अल्युमिनियमचे दहा पैसे घेतले, ते नक्षीदार कडेचे. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद आहेत, त्यामुळे मनाला टोचणी नाही, आणि अल्युमिनियम मऊ. एकाचे सिंह दुसऱ्याच्या आकड्यावर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणाऱ्या आपल्या शेगड्यात, आवळले. पहिल्या वेळी सिंह आलेच नाहीत, नाण्याची कड उंच असते ना, त्यामुळे आधी कडाच एकमेकींना भिडल्या आणि चेपल्या. जरा सरकवून पुन्हा जोर लावला तेव्हा सिंह उमटले, पण अर्धवट, फक्त उंच भाग, आणि सोबत एका बाजूला कडेची चंद्रकोर उमटली. खाली 10 चा शून्य अजून दिसत होता. बाहेरच्या बाजूचे सिंह जबड्याने पार सपाट केले. मग मित्र म्हणाला मधे चामडं घाल. घातलं, तर बाहेरचे सिंह बऱ्यापैकी वाचले पण आतला ठसा एकदम पुचाट आला. म्हणजे एक सांभाळायला गेलं की दुसरं जातं.

घरी येऊन दोन रुपयावर चंद्रकोर शोधली. होती. साडेचार वाजल्याच्या जागी, नखाएवढी.

आणि हो, वजन, व्यास, चुंबक हे सगळं पास होणारच होतं कारण नाणं खरंच आहे, उद्योग नंतरचा आहे! या तीन टेस्टवर मी एवढा विसंबलो याचं आता हसू येतं. त्या टेस्ट ओतीव नकली नाण्याला पकडायला ठीक. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला मलाही असंच मिळालं होतं, असेलही, वाद घातला नाही. नाणं आता पाकिटात आहे, वर लिहिलंय व्हाइस, आणि शेजारी माझे चेपलेले दहा पैसे.

दुसरी बातमी बरी आहे. किराणावाल्याने सुट्ट्यात दिलेलं पितळी पाच रुपये, कडेला घास घेतल्यासारखी गोल खाच असलेलं, ते खरं निघतंय असं दिसतंय. वजन 6 ऐवजी 5.7 ग्रॅम, आणि खाचेच्या बरोब्बर समोरची कड पुसट. पत्र्यातून चकती कापताना ती आधीच्या भोकावर चढली की अशी खाच पडते, मग कड उचलायच्या मशीनमध्ये खाचेपाशी दाब मिळत नाही म्हणून समोरची कडही नीट उठत नाही. नंतर कोणी कानशीने घासलं असतं तर समोरची कड कशाला बिघडेल. शिवाय खाचेजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी ताणलेली आहेत. याला खर्च आला पाच रुपये, त्यातही वर एक चॉकलेट मिळालं.

बाकी माझ्याकडे दहा रुपयांच्या नाण्यांचा एक डबा तसाच पडलाय, ज्यातली निम्मी नाणी मी एरर, म्हणजे छपाईत चुकलेली, म्हणून वेगळी काढली होती. त्यातली बरीचशी नुसती वेगळ्या डिझाइनची आहेत, 2018 मध्येच रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की तोपर्यंत दहाची 14 डिझाइन आली होती आणि सगळी चालतात. एकाचा मधला गाभा मात्र जरा तिरका बसलाय. रविवारी टॉर्च आडवा धरून बघतो, यावेळी आधी चांगली बाजू.