'म्हणे'

"नको गं, नंतर मूल राहत नाही म्हणे."

संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या मेडिकलमध्ये माझ्या पुढे एक जोडपं होतं. नवंच लग्न असावं. त्याचं बोलणं ऐकून तिने गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं, पण बोट बराच वेळ त्यावरच होतं. शेवटी दोघं काहीच न घेता गेले.

ते बोट अजून डोळ्यांसमोरून जात नाहीये. मी बोलायला हवं होतं.

गोळी बंद केली की बीज पुन्हा तयार होऊ लागतं, बहुतेकींना काही महिन्यांतच दिवस राहू शकतात. सुरुवातीला मळमळतं, मधेच डाग दिसतात, पण दोन-तीन महिन्यांत ते बहुधा थांबतं. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ हार्मोनच्या, ७ नुसत्या लोहाच्या. हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नसणार.

विचारायला हवं ते वेगळंच. बीपी आहे का, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, पस्तिशीनंतर सिगारेट आहे का. यातलं काही असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं.

त्या मुलाचा मला राग नाही आला. आवाजात काळजी होती त्याच्या, खरीच. पण तो 'म्हणे' कुठून आला असेल? मित्रांकडून, घरातून?

तुमच्या लग्नाच्या वेळी तुम्हा दोघांना एकत्र बसवून हे कुणी सांगितलं होतं का?